गणपतीत ऊन कुठे असतं?

आमच्या न्हाणीघराची मागची भिंत काळी आहे. रंगवलेली नाही, धुरानं झालेली. चिऱ्याची भिंत, तिला कधी काळी चुना दिलेला होता म्हणतात. मी १९९६ साली लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून मात्र मी ती काळीच बघते आहे. चुलाणाचं तोंड परसदारी आणि तांब्याचा हंडा आतल्या अंगाला, गळ्यापर्यंत भिंतीत बसवलेला. पहाटे पाचला उठून परसदारी जायचं, कालची राख ओढायची, खाली नारळाची दोन सोडणं, त्यावर झावळीचे तुकडे, त्यावर फाटी, आणि मग फुंकणी. सोडणं दमट असली की धूर आधी डोळ्यांत आणि मग घरात. पाणी तापलं की एकेकाला हाक मारायची. शेवटच्याची आंघोळ होईपर्यंत हंड्यात गार पाणी ओतत राहायचं आणि चुलाणात फाटं सारत राहायचं. या सगळ्या खटाटोपाला आमच्याकडे 'पाणी तापतंय' एवढंच म्हणतात. जणू ते आपलं आपण तापत असतं.

परवा जर्मनीतल्या भाच्याचा फोन आला. गोठ्याच्या स्लॅबवर बसवलेल्या, पाणी तापवायच्या सोलरचा फोटो त्याला कोणीतरी पाठवला होता. म्हणाला, "मामी, कोकणात एवढं ऊन! मग हे बसवायला बारा वर्षं का लागली?"

त्याला हा प्रश्न पडावा याचं कारण आहे. तिकडे 'हीटिंग' म्हणजे अख्खं घर तापवायचं, वर्षातले सहा-सात महिने. २०२३ साली त्या देशात याच्यावरून रण माजलं होतं. नव्या हीटिंगमध्ये निदान ६५ टक्के ऊर्जा नवीकरणीय हवी, असा कायदा येऊ घातला होता. तो २०२४ च्या जानेवारीपासून लागू झाला, पहिल्यांदा नव्या वस्त्यांमधल्या नव्या घरांना. पण कायदा येतोय म्हटल्यावर लोकांनी काय केलं? धावत जाऊन गॅसचे बॉयलर घेतले. त्या वर्षी तिथे गॅस बॉयलरचा खप चांगलाच वाढला. भाच्याच्या घरमालकानंही घाईघाईनं नवा बॉयलर बसवून टाकला, म्हणजे पुढची वीस वर्षं बघायला नको. भाचा भाडेकरू. थंडी त्याला, बिल त्याला, आणि बॉयलर कुठला घ्यायचा ते मालक ठरवणार.

मला हसू आलं. आपल्याकडे घर तापवायची गरज नाही, मे महिन्यात ते फुकट तापतं. आपला सगळा मामला आंघोळीच्या पाण्याचा. पण थंडी एकाला आणि निर्णय दुसऱ्याचा, ही गोष्ट मला फार ओळखीची वाटली.

आमचं गाव दापोली तालुक्यात, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. घर सामाईक. सासऱ्यांचे, म्हणजे नानांचे, तीन मुलगे आणि एक मुलगी. आम्ही इथे राहतो, मधले भाऊजी ठाण्याला, धाकटे पुण्याला, नणंद सांगलीकडे. २०११ साली ह्यांनी दापोलीहून सोलर वॉटर हीटरचं पत्रक आणलं. तेव्हा केंद्र सरकारची सबसिडी होती. ती पुढे २०१४ मध्ये बंद झाली. घरातल्या मोठ्या खर्चाच्या गोष्टी सगळे जमले की बोलायच्या, हा आमच्याकडचा रिवाज. सगळे जमतात गणपतीला. तेव्हा गणपतीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी, जेवणं झाल्यावर, ओटीवर ते पत्रक फिरलं.

पत्रकावर निळंशार आभाळ होतं आणि ओटीसमोर पन्हळीतून हंडाभर जाडीची धार पडत होती. मधल्या भाऊजींनी पत्रक बघितलं, बाहेर बघितलं आणि म्हणाले, "इथे कुठे ऊन?" सगळे हसले. मी आतून पानसुपारी घेऊन आले होते, मीही हसले. नाना झोपाळ्यावरून म्हणाले, "आणि फाटी काय विकत आणायची आहेत आपल्याला?" तिथे विषय संपला.

पुढे कितीतरी वर्षांनी माझ्या लक्षात आलं की तो विषय दर वेळी चुकीच्या महिन्यात निघत होता. मुंबई-पुण्याची माणसं इथे येतात ती दोनदा. भाद्रपदात गणपतीला, तेव्हा ऊन नसतं. आणि मे महिन्यात आंब्याला, तेव्हा ऊन मरणाचं असतं, पण गरम पाण्याचं नाव काढलं तर वेड्यात काढतील. पोरं दिवसातून तीनदा विहिरीवर डोक्यावरून कळशा ओतून घेत असतात. शिमग्याला दोन दिवस येतात ते पालखीपुरते. मार्गशीर्षात, पौषात, पहाटेचा मतलई वारा डोंगराकडून समुद्राकडे सुटतो, अंगणातली तुळस दवानं ओली असते, दिवसभर आभाळ एखाद्या घासलेल्या परातीसारखं लख्ख असतं. तेव्हा घरात माणसं तीन. म्हणजे गरज असते आणि ऊनही असतं त्या दिवसांत ते बघायला कोणी नसतं. ज्यांनी पैसे द्यायचे त्यांनी हे घर कधी थंडीत बघितलेलंच नाही.

'फाटी फुकट' याचाही एकदा मी हिशेब मांडला. एका आगोटीचा, म्हणजे पावसाआधीच्या बेगमीचा. वाडीतली वाळलेली लाकडं उतरवायला दोन दिवस दोन माणसं. फोडायला एक माणूस, पाच दिवस. वाहून मांगरात रचायला आणखी दीड दिवस. त्यांची मजुरी, चहा, जेवण. आकडा काही फुकट म्हणावा असा आला नाही. त्यापुढे आईंचे, म्हणजे सासूबाईंचे, आणि माझे तास कुठल्या रकान्यात लिहायचे ते मला कळेना, म्हणून तो रकाना मोकळा ठेवला. एका आंघोळीला किती लाकूड जातं तेही मोजायचं होतं. त्यासाठी सुपारी मोजायच्या काट्यावर फाटी ठेवायला लागले तर आईंनी माझ्याकडे असं बघितलं, की मी काटा परत जागेवर नेऊन ठेवला.

विजेचं गणित त्या मानानं सोपं. शंभर लिटर पाणी विहिरीच्या पंचवीस अंशांवरून पंचेचाळीस अंशांवर न्यायला जेमतेम सव्वादोन-अडीच युनिट लागतात. भाचा म्हणतो ते हीट पंप लावले तर त्याच्या तिसऱ्या हिश्शात काम होतं. हीट पंप म्हणजे काय ते मी आईंना सांगायचा प्रयत्न केला. फ्रिजची पाठ गरम लागते ना, तो आतली उष्णता उपसून मागे टाकतो. तसंच हे बाहेरच्या हवेतली उष्णता उपसून पाण्यात टाकतं. आईंना पटकन कळलं. पावसाळ्यात त्यांची काडेपेटी गेली वीस वर्षं फ्रिजच्या मागेच असते, दमट होऊ नये म्हणून. नॉर्वेसारख्या गोठलेल्या देशात निम्म्याहून जास्त घरांत हे हीट पंप आहेत. तिथे वीज पाण्यावरची आणि स्वस्त, घराघरांत गॅसच्या नळ्या नाहीत आणि तेलाच्या हीटिंगला २०२० पासून बंदी. आमच्या दमट, उबदार हवेत तर ते यंत्र आणखी मजेत चालेल. पण त्याला वीज हवी. पावसाळ्यात आमच्याकडे वीज पाहुण्यासारखी येते, आणि असते तेव्हा दिवे मिणमिणे; साधा गिझर लावला तरी पाणी 'कोमट होऊ की नको' करत बसतं. गॅस गिझरचं नाव काढायची सोयच नव्हती. बंद न्हाणीघरात त्याच्या धुरानं माणसं गेल्याच्या बातम्या आईंनी वाचल्या होत्या, आणि त्यात त्यांचं चुकत नव्हतं.

आमच्याकडे नवीकरणीय म्हणतात ते पूर्वी नव्हतंच, असंही नाही. परसात गोबरगॅस होता, ऐंशीच्या दशकात नानांनी बांधलेला. मी आले तेव्हा चालू होता. निळी, बिनधुराची ज्योत, चहा आणि वरण-भात त्यावरच. दोन घनमीटरच्या त्या प्लॅन्टला रोज पन्नासेक किलो शेण लागतं, म्हणजे गोठ्यात तीन-चार जनावरं हवीत. जनावरं होती, गुराखी होता, शेण कालवणारे हात होते. पुढे गुराख्याची पोरं मुंबईला गेली, मग तोही गेला, म्हशी विकल्या, शेवटची गाय २०१८ मध्ये गेली. प्लॅन्टमध्ये बिघाड असा काहीच झाला नाही. आता त्या खड्ड्यावर अळू माजलंय, फार छान फतफतं होतं त्याचं.

२०१७ मध्ये एक एजंट दारावर आला. गोड बोलला, दोन हजार आगाऊ घेतले, कार्ड दिलं आणि परत दिसला नाही. सोलरबद्दलचं आमच्या आळीतलं मत त्यानं पुढची चार वर्षं ठरवून टाकलं. 'तसली कामं' असाच शब्द झाला त्याला.

आळीत पहिलं सोलर बसलं ते गरम पाण्याची गरज होती म्हणून नव्हे, पाटीवर लिहायचं होतं म्हणून. मुरुड, कर्दे, आंजर्ले, सगळीकडे पुण्याहून गाड्या यायला लागल्या होत्या. शेजारच्या काकांनी वरच्या दोन खोल्या पाहुण्यांसाठी काढल्या. पाहुणे फोनवर तीन गोष्टी विचारतात: मासे मिळतील का, गाडी लावायला जागा आहे का, आणि गरम पाणी चोवीस तास आहे का. तेव्हा काकांनी पाहुण्यांसाठी सोलर बसवलं. स्वतः दोघं नवरा-बायको त्यानंतरही दोन वर्षं चुलाणाच्याच पाण्यानं आंघोळ करत होती. मी काकूंना विचारलं, तर म्हणाल्या, "अगं, ते पाहुण्यांचं आहे."

एका डिसेंबरात आमचा हंडा गळायला लागला. तो भिंतीतून काढून तांबटाकडे पाठवला, आणि चार दिवस मी आंघोळीला काकांकडे गेले. नळ सोडला. आधी गार, मग कोमट, मग एकदम असं कढत पाणी, की हात मागे घेतला. सकाळचे साडेसहा वाजले होते. काल दुपारचं ऊन होतं ते. रात्रभर गच्चीवर, थंडीत, कोणी हातही न लावता जपून ठेवलेलं. चार दिवसांत पत्रकानं इतक्या वर्षांत केलं नाही ते काम माझ्यापुरतं झालं. भाचा सांगतो की कॅलिफोर्नियात सोलर पॅनेलवर असा अभ्यास झालाय, २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. एका पिनकोडच्या भागात आधीच जितकी जास्त पॅनेलं, तितकी नव्या माणसानं घेण्याची शक्यता वाढते. असेल. मला त्यासाठी हंडा गळावा लागला. आई मात्र त्या चार दिवसांत काकांकडे गेल्या नाहीत. त्यांनी शेगडीवर तपेलं ठेवून भागवलं.

पण माझं मत बदलून काय होणार होतं? छप्पर कौलांचं, त्यावर दोन-अडीचशे किलोचा भार ठेवायला दोघा भाऊजींची संमती हवी. सामाईकातल्या घराला खिळा मारायचा तरी चारजणांना विचारावं लागतं. आणि विचारायचं कधी, तर गणपतीत.

मग ३ जून २०२० उजाडला. निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला जमिनीवर चढलं, आम्ही त्याच्या जरा दक्षिणेला, तरी दापोली-मंडणगडचं जे झालं ते झालं. दुपारी दोन तास घरात बसून आम्ही फक्त आवाज ऐकले. कौलं उडाल्याचे, माड मोडल्याचे. माड मोडतो तेव्हा सुकी काठी मोडल्यासारखा आवाज येतो, फक्त काठी साठ फुटांची. संध्याकाळी दार उघडलं तर समोरचा रस्ता नव्हता, वाडी नव्हती. विहिरीजवळचा रायवळ आंबा, नानांच्या आजोबांनी लावलेला, मुळांसकट आडवा. वीज पंचवीस दिवसांनी आली. त्या पंचवीस दिवसांत गिझरवाले, इंडक्शनवाले सगळे पुन्हा चुलीपाशी आले. काकांच्या सोलरच्या सगळ्या काचनळ्या उडालेल्या पत्र्यानं फुटल्या होत्या. आमचं चुलाण मात्र तिसऱ्या दिवशी पेटलं.

संकट आलं की माणसं मार्ग बदलतात, असं भाचा म्हणतो. १९७३ च्या तेलसंकटानंतर डेन्मार्कनं, स्वीडननं घरं तापवायच्या पद्धती बदलल्या, ते खरं आहे. आमच्या संकटानं आम्हाला लाकडं दिली. आंबा, फणस, काजू, माडाचे बुंधे, सुपारीच्या तर मोळ्याच मोळ्या. विकत घ्यायला कोणी नाही, ठेवायला जागा नाही. मधले भाऊजी फोनवर म्हणाले, "आता दहा वर्षं लाकडाला मरण नाही." सोलरचा विषय काढायची मलाच लाज वाटली. लोकांच्या बागा गेल्या होत्या.

आईंनी एक केलं. तो रायवळ आंबा कापायला माणसं आली तेव्हा त्यांनी स्वतः उभं राहून त्याचे एका मापाचे ओंडके करून घेतले, आणि मांगराच्या कोरड्या कोपऱ्यात, खाली चिरे घालून, वेगळे रचून घेतले. वर ताडपत्री. मिरगाआधी ती ताडपत्री बदलायची, हे काम त्या कोणाला सांगत नाहीत, आपलं आपण करतात. आम्हाला वाटलं, नानांच्या आजोबांचं झाड म्हणून. नाना गेले ते २०१६ च्या श्रावणात. सात दिवस पावसानं डोळा उघडला नव्हता, आणि स्मशानात न्यायला कोरडं लाकूड तीन घरांतून मागून आणावं लागलं होतं. ते सगळं आईंनी ओटीवर बसून बघितलं होतं. पण तेव्हा आम्ही दोन गोष्टी एकत्र जोडल्या नाहीत.

दोन वर्षांनी, २०२२ च्या डिसेंबरात, आईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी धुरापाशी जायचं नाही, वाकायचं नाही, असं बजावलं. नेमकी मी मुलीच्या बाळंतपणाला पुण्यात. ह्यांना सकाळी सहाला कलमांना पाणी लावायला जावं लागतं. फाटी फोडणारे बाबा त्या वर्षी आलेच नव्हते, आदल्या आगोटीलाच म्हणाले होते, "वयनी, आता खांदा उचलत नाय." म्हणून ठाण्याची माझी जाऊ तीन आठवड्यांसाठी इथे येऊन राहिली. लग्नाला पंचवीस वर्षं झाली होती तिच्या, आणि पौषात या घरात राहायची ही तिची पहिलीच वेळ.

तिनं मला नंतर सांगितलं ते असं. पहिल्या दिवशी चुलाण पेटायला पाऊण तास लागला. दुसऱ्या दिवशी फुंकणीतून उलटा धूर तोंडात गेला. तिसऱ्या दिवशी फाटं ओढताना त्याखालून विंचू निघाला. चौथ्या दिवशी ती दुपारी अंगणात खुर्ची टाकून बसली, आणि तासाभरानं उन्हाचा चटका बसतोय म्हणून उठून आत आली. पाचव्या दिवशी तिनं भाऊजींना फोन केला. काय बोलली ते मी विचारलं नाही. आठवड्याच्या आत ह्यांच्या खात्यात पैसे आले आणि धाकट्या भाऊजींचा 'आमची हरकत नाही' असा मेसेजही.

मला आनंद झाला. आणि रागही आला, खरं सांगते. बारा वर्षं मी बोलत होते ते कोणाला ऐकू आलं नाही, आणि हिचे पाच दिवस ऐकू आले. पण तिच्यावर काय रागवायचं? तिनंच तर माझा तो मोकळा रकाना भरून दिला. ब्रिटनमध्ये २०२३ पासून हीट पंप लावणाऱ्याला सरकार साडेसात हजार पौंड देतं, तरी लोक म्हणावे तसे पुढे येत नाहीत. जुना बॉयलर बंद पडतो तो ऐन थंडीत, तेव्हा विचार करायला वेळ नसतो, ओळखीचा प्लंबर येऊन होता तसलाच दुसरा बसवून जातो. हे ऐकलं तेव्हा मला वाटलं, त्या पौंडांबरोबर तीन आठवडे एखादी जाऊ पाठवता आली असती तर!

बसवायला मंडणगडकडचा एक मुलगा आला. त्याचे वडील आमच्या विहिरीचा पंप दुरुस्त करायचे, म्हणून ह्यांचा त्याच्यावर विश्वास. कौलांवर नको, गोठ्याचा स्लॅब रिकामाच आहे, तिथे बसवू, हे त्यानंच सुचवलं. दीडशे लिटरची टाकी, काचेच्या नळ्या दुहेरी, मधली हवा काढलेली, म्हणजे थर्मासच आडवे लावल्यासारखे. पंप नाही, मोटर नाही. नळीत तापलेलं पाणी हलकं होऊन टाकीत वर चढतं, टाकीतलं गार पाणी जड म्हणून खाली नळीत उतरतं, दिवसभर हाच पाळणा. गार पाण्याची टाकी तेवढी सोलरच्या टाकीपेक्षा उंच हवी, म्हणून तिच्यासाठी चिऱ्यांचा चौथरा चढवावा लागला. बावीस हजार यंत्राचे, आणि चौथरा, नळ, मजुरी मिळून आणखी नऊ. तोंड दक्षिणेला. त्या मुलानं होकायंत्र वगैरे काढलं नाही. आईंना विचारलं, संक्रांतीला दुपारी ऊन कुठून येतं? आईंनी हात केला, तिकडे तोंड.

तिसऱ्याच महिन्यात गोठ्यालगतच्या माडाचा नारळ एका नळीवर पडला. हे पत्रकात नव्हतं. मग त्या माडाचे नारळ पंचेचाळीस दिवसांऐवजी महिन्यानं उतरवायला लागलो, म्हणजे पाडणाऱ्याची मजुरी वाढली. मग वानरं. टोळीतल्या एका हुप्प्याला टाकीवर बसायला आवडतं, तिथे उबदार लागतं म्हणून. तो नुसता बसतो तोवर आमची तक्रार नाही. लोखंडी सांगाडा खाऱ्या वाऱ्यानं पहिल्याच पावसाळ्यात तांबरला, त्याला दर आगोटीला रंग लावावा लागतो. गोठ्यापासून न्हाणीघरापर्यंत चाळीस फूट नळ आहे, त्यातलं पहिलं बादलीभर पाणी गारच येतं. ते आई वाया जाऊ देत नाहीत, तुळशीला आणि कढीलिंबाला घालतात.

आईंची खरी तक्रार वेगळी होती. पहिल्या आठवड्यात त्या आंघोळ करून आल्या आणि म्हणाल्या, "पाणी चांगलं आहे गं, पण त्याला वास नाही." मला आधी कळलं नाही. साठ वर्षं त्यांच्या आंघोळीच्या पाण्याला धुराचा वास होता. ओल्या केसांना, पंचाला, सगळ्याला. मी मुकाट्यानं राख बघायला लागले, कारण दुसरीही अडचण आली होती. राख कमी पडायला लागली. कडधान्याला राख, माडांच्या अळ्यांत राख, भांड्यांना राख. 'फुकट' लाकडातून काय काय फुकट मिळत होतं ते लाकूड बंद झाल्यावर कळलं.

आता आळीत सहा सोलर आहेत. काकांनी नळ्या बदलून त्यांचं पुन्हा चालू केलं, आणि ते दोघंही आता त्याच पाण्यानं आंघोळ करतात. २०२४ च्या फेब्रुवारीत पंतप्रधान सूर्यघर योजना आल्यापासून मात्र बोलणं पॅनेलचं असतं. तीन किलोवॅटला अठ्ठ्याहत्तर हजार सबसिडी म्हटल्यावर खालच्या आळीत दोघांनी लावली. वीज गेली की आपल्याकडे दिवे राहतील, अशी त्यांची समजूत होती. पहिल्याच वळवाला वीज गेली आणि त्यांचेही दिवे गेले. लाईनशी जोडलेलं पॅनेल लाईन बंद झाली की आपणहून थांबतं, नाहीतर तारेवर चढलेल्या वायरमनला झटका बसेल. हे त्यांना कोणी आधी सांगितलं नव्हतं. त्यातले एक काका महिनाभर वाटेत भेटेल त्याला हेच सांगत होते.

सोलर बसल्यावरचा पहिला गणपती २०२३ चा, सप्टेंबरातला. घरात अठरा माणसं. चार दिवस पाऊस, आभाळ कांबळ्यासारखं खाली आलेलं. सोलरचं पाणी पहाटेच्या तिसऱ्या आंघोळीलाच संपलं, तेही कोमट. मधले भाऊजी परसदारी येऊन म्हणाले, "बघ, मी म्हटलं नव्हतं?" आणि मग अगदी खुशीत, लुंगी खोचून, चुलाण पेटवायच्या तयारीला लागले. जाऊ ओट्यापाशी भाजी चिरत होती. तिनं माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे. दोघी काही बोललो नाही.

भाऊजी मांगरात गेले. समोर काजूच्या फाट्यांचा ढीग होता, अर्धा ओला. कोपऱ्यात ताडपत्रीखाली एका मापाचे, ठणठणीत वाळलेले ओंडके. त्यांनी ताडपत्रीचं टोक उचललं आणि हाक मारली, "अरे, एवढं चांगलं लाकूड इथे कुजत घातलंय!"

आई पडवीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. डोळ्यावर नवा चष्मा.

"त्याला हात लावू नको."

"का? एवढा ढीग आहे, आई. दोन ओंडके घेतले तर काय होतंय?"

"ते माझे आहेत."

भाऊजी हसायला गेले आणि मध्येच थांबले. ताडपत्रीचं टोक त्यांच्या हातात तसंच होतं. बाहेर पाऊस पडत होता, न्हाणीघरातून कोणीतरी पोर 'पाणी तापलं का' म्हणून ओरडत होतं. भाऊजींनी ताडपत्री खाली सोडली, तिची कड आत खोचली, वर ठेवलेला चिरा पुन्हा नीट ठेवला. मग काजूची फाटी उचलली. काजू धूर फार करतं. त्या दिवशी अठरा माणसांचं पाणी त्याच्यावरच तापलं.